नानांची खूण

"मॅडम, पेन खाली ठिवा. सगळी ट्रॉली तुमची, पेन तेवढं माझं."

भोईटे नाना लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभे होते. मान वर, दोन्ही हात वर, पाठ माझ्याकडे. तरी त्यांना कळलं होतं. वायरींवर नंबर टाकायला मी त्यांचं पिवळ्या रंगाचं पेन उचललं होतं. ते मी निमूटपणे परत ठेवलं आणि स्वतःचं मार्कर शोधू लागले. ते कधीच जागेवर नसायचं, कारण मी कुठलीच वस्तू जागेवर ठेवत नसे.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. मी, गिरिजा तोडकर, तेव्हा ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगच्या एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रबंधासाठी कॉलेजने मला नगर रस्त्यावरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात पाठवलं होतं. चाक गाडीला धरून ठेवणारा जो लोखंडी आर्म असतो, तो दीड किलोने हलका करायचा, हा माझा विषय. कागदावर मी तो केव्हाच हलका केला होता. आता तो खऱ्या गाडीला लावून, त्यावर तारांचं जाळं चिकटवून, खड्ड्यांच्या ट्रॅकवर त्याच्यावर किती ताण येतो ते मोजायचं चाललं होतं. त्यासाठी आर्म काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा काढायचा. सहा महिन्यांत नानांनी तो चाळीसेक वेळा तरी काढला-घातला असेल आणि एकदाही कंटाळा केला नव्हता.

त्या पिवळ्या पेनाची भानगड अशी. बोल्ट टॉर्कच्या पान्याने ठरलेल्या मापाला आवळला, की मेकॅनिक आर्मपासून नटापर्यंत एक रेघ ओढतो. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा. गायकवाडांचा पांढरा, केरळहून आलेल्या जोसेफचा निळा, नानांचा पिवळा. शिवाय नाना रेघेच्या शेवटी एक छोटी शेपटी काढत, उजवीकडे वळलेली. कुणी विचारलं तर म्हणत, "हात थरथरतो, दुसरं काय." हात अजिबात थरथरत नव्हता.

"पेन घेतलं तर काय होईल एवढं?" मी विचारलं. त्या दिवशी मी जरा चिडलेलीच होते.

"सही हाय ती माझी. तुमी दुसऱ्याच्या चेकावर सही करता का?"

"मी नंबर टाकणार होते, नाना."

"आज नंबर टाकाल, उद्या रेघ मारशीला." आणि ते हसले.

चिडायचं कारण माझे गाईड, डॉ. सबनीस. दुपारी तीन वाजता कॉलेजात माझा दुसरा रिव्ह्यू होता. पहिल्या रिव्ह्यूत बाहेरच्या परीक्षकांनी, रिसबूड सरांनी, मला धुतलं होतं. ते एका मोठ्या कारखान्यातून चाचणी विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. "तुमचा आर्म गाडीला नीट बसवला होता याला पुरावा काय?" असं त्यांनी विचारलं होतं. आदल्या संध्याकाळी सबनीस सरांचा फोन आला. "गिरिजा, जोडणीचा स्वच्छ फोटो हवा. खुणांसकट. तो नसेल तर हे गृहस्थ तुला एक सेमिस्टर मागे ढकलतील, आणि मी काही करू शकणार नाही." एक सेमिस्टर मागे म्हणजे जर्मनीतली नोकरी गेली. ती मला लागलेली होती, जूनअखेर पदवी हातात असेल या अटीवर. घरी पेढे वाटून झाले होते.

तेवढ्यात लतीफभाई आले. आमच्या चाचणीच्या गाड्या चालवणारा माणूस. बारीक, उंच, तोंडात कायम बडीशेप. ट्रॅकवर जायच्या आधी आणि नंतर गाडीखाली टॉर्च मारून बघितल्याशिवाय ते राहत नसत.

"काय मॅडम, आर्म अजून हलका झाला का? तसं असेल तर मी पण नाष्टा कमी करतो."

"आज फोटोतच हलका दिसला तरी बास," मी म्हटलं.

"चार वाजता नेतो मी गाडी. खड्ड्यांचे वीस फेरे, नंतर सरळ पट्ट्यावर शंभरने." त्यांनी माझ्या हातावर बडीशेप ठेवली. "जॉब कार्ड भरून ठेवा तेवढं. मी काय कागद वाचत नाही. मी नानांची रेघ वाचतो. पण ऑफिसला कागद लागतो."

ते गेले. साडेअकरा झाले होते. नानांनी आर्म जागेवर बसवला, बोल्ट घातले, नट हाताने फिरवून बसवले. पुढचं काम गाडी जमिनीवर आल्यावरचं. आर्मच्या सांध्यात रबराचे बुश असतात. गाडी हवेत असताना बोल्ट आवळले, तर रबर लोंबत्या स्थितीतच पकडलं जातं आणि गाडी खाली आली की पिळवटून फाटतं. म्हणून आधी हाताने बसवायचं, गाडी खाली घ्यायची, मग फळीवर आडवं होऊन खालून पान्याने आवळायचं आणि शेवटी रेघ मारायची. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न होता आणि मला पाच मिळाले होते.

"घेऊ का खाली?" नाना म्हणाले, आणि त्याच वेळी पलीकडच्या गाळ्यातून त्यांना हाक आली. बसचा क्लच अडकला होता, चार माणसं गिअरबॉक्स धरून उभी होती आणि कुणाला पुढचं सुचत नव्हतं.

"आलोच," म्हणून नाना गेले ते गेलेच. पाच मिनिटं, दहा, वीस. मी दोनदा डोकावले. ते बसखाली पालथे पडले होते, फक्त बूट दिसत होते. बारा वाजता कारखान्याची गाडी पुण्याला निघायची. ती चुकली तर रिव्ह्यू चुकला.

गाडी खाली आली की आर्मचा धड फोटो निघत नाही, अंधार असतो आणि कॅमेरा बसत नाही. फोटो वरच काढायला हवा होता. आणि फोटोत रेघा हव्या होत्या.

मी पेन घेतलं. चार नट होते, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. चार रेघा ओढल्या. नानांच्या नेहमीच्या रेघांशी जुळावं म्हणून शेवटी शेपट्याही काढल्या, उजवीकडे वळलेल्या. शाळेत माझी चित्रकला बरी होती. त्या चारही शेपट्या हुबेहूब नानांच्या झाल्या आणि मला, खरं सांगते, स्वतःचं कौतुक वाटलं.

फोटो काढले. पुसायला कापूस आणि थिनर शोधले, तर थिनरचा डबा रिकामा. मग वाटलं, नाना आता येतील, आवळतील आणि त्याच रेघेवर रेघ मारतील, पुसायचं कशाला. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टवर गाडी चढवून ठेवायची नाही असा नियम होता. नियमाची मी पक्की. बटण दाबून गाडी व्यवस्थित खाली घेतली, चाकांना ठोकळे लावले, पेन ट्रॉलीत जागच्या जागी ठेवलं आणि नाना काम करत होते त्या बसपाशी पळत गेले.

"नाना, मी निघते!"

ग्राइंडरच्या आवाजात त्यांना काय ऐकू गेलं असेल ते असो. बसखालून हात बाहेर आला आणि हलला. काय उरलंय ते नानांना माहीत आहे, असं मी मनाशी म्हटलं. मी मारलेल्या रेघा त्यांना काय सांगतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रिव्ह्यू चांगला चालला होता. एसी, गार पाणी, तिघं परीक्षक. मोबाईल बंद करून बाहेर टेबलावर ठेवायचा नियम होता. सबनीस सर मान हलवत होते. बरोबर तीन वाजून चाळीस मिनिटांनी, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ आजही दिसतं, मी जोडणीचा फोटो लावला.

"वा," सबनीस सर म्हणाले. "हे पाहिजे होतं."

रिसबूड सर पुढे झुकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हा फोटो लिफ्टवरचा आहे."

"हो सर."

"चाकं लोंबतायत."

"हो सर."

"मग रेघा कशा आल्या? बोल्ट तर गाडी जमिनीवर आल्यावर आवळतात ना?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर तयारच बाहेर आलं. "सर, जमिनीवर आवळून, खूण करून, मग फोटोसाठी पुन्हा वर घेतली."

"अच्छा. ते नीट केलंत." त्यांनी चष्मा खाली घेतला. "नाहीतर रेघ आहे आणि बोल्ट मोकळा, यासारखी वाईट गोष्ट नाही. नुसता मोकळा बोल्ट माणूस शोधून काढतो. रेघ मारलेला बोल्ट पुन्हा कुणी बघत नाही."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं, माझ्यावर काही रोख नव्हता. पण मला एकदम ती गाडी दिसली, जमिनीवर उभी, चाकांना ठोकळे, खाली चार सुंदर रेघा. आणि बसखालून बाहेर येऊन, हात पुसून, वाकून टॉर्च मारणारे नाना. ते काय म्हणतील? झालेलं दिसतंय.

तीन एकेचाळीस. गाडी चारला निघणार होती.

"पुढची स्लाइड," सबनीस सर म्हणाले.

मी पुढची स्लाइड लावली. हे मला नीट सांगायचं आहे, कारण त्यानंतर मी स्वतःशी बरीच खोटी कारणं जुळवली. मला कळलं नाही, मी गोंधळले, तसं काही नव्हतं. मला पूर्ण कळलं होतं. "सर, मला एक फोन करायचाय" हे पाच शब्द होते. पुढचा प्रश्न असता, "कशासाठी?" आणि त्याचं उत्तर त्या खोलीत, त्या पडद्यासमोर द्यावं लागलं असतं. मी आलेख समजावून सांगितले. सव्वीस मिनिटं. शेवटच्या आलेखाला रिसबूड सर "छान" म्हणाले.

चार वाजून सात मिनिटांनी मी जिन्यात होते. लतीफभाईंचा फोन बंद. ट्रॅकच्या फाटकावर ड्रायव्हर फोन जमा करतात, हे मला माहीत होतं, तरी मी दोनदा लावला. मग नानांना.

"नाना, गाडी गेली?"

"गेली की. दहा मिन्टं झाली. कसं झालं तुमचं?"

"चांगलं झालं. नाना, ते बोल्ट... आवळले होते ना?"

"कुठलं?"

"आर्मचे. सकाळचे."

"रेघा हायेत की. लतीफनं बी बघितल्या, मी बी बघितल्या."

"हो, पण आवळले होते ना?"

"अवो, रेघ हाय म्हंजे आवळल्याशिवाय का मारली मी?" ते हसले, पण हसणं पूर्ण झालं नाही. "का? काय झालं?"

इथे मी बोलायला हवं होतं. नाना, रेघा मी मारल्या. एवढंच. नाना धावत ट्रॅकच्या कंट्रोल रूमला गेले असते, लाल दिवा लागला असता, गाडी थांबली असती. जिन्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. "सरांनी विचारलं म्हणून. गाडी परत आली की एकदा बघून घ्या."

"बघतो," नाना म्हणाले.

मी कँटीनमध्ये जाऊन बसले आणि कागदावर हिशोब मांडला. हाताने बसवलेला नट किती कंपनांनंतर सुटेल. रोजची काढघाल असल्यामुळे आम्ही साधेच नट वापरत होतो, न सुटणारे नव्हेत. खड्ड्याच्या एका फेऱ्यात किती हादरे, वीस फेऱ्यांत किती. शेवटच्या वर्षाचं सगळं शिक्षण मी त्या कागदावर ओतलं. उत्तर यायचं ते बाराव्या ते अठराव्या फेऱ्याच्या मधे. मी गृहीतकं बदलली. आता ते पंचविसाव्या फेऱ्याला आलं. मला बरं वाटलं. मी चहा मागवला.

पाच वाजून दहा मिनिटांनी सबनीस सरांचाच फोन आला. चौदाव्या फेऱ्याला डावा आर्म सुटला होता. चाक आत दुमडलं, गाडी कठड्यावर जाऊन उलटली. लतीफभाई जिवंत होते. डावा पाय डॅशबोर्डखाली सापडला होता, तो काढायला पाऊण तास लागला.

पाय राहिला, पण गुडघा वाकायचा बंद झाला. त्यानंतर त्यांनी कधी क्लच दाबला नाही.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. टेबलावर पांढऱ्या कापडावर तीन नट आणि तीन बोल्ट ठेवले होते. चौथा नट सापडलाच नव्हता. तिन्ही नटांवर पिवळी रेघ होती. सुरक्षा विभागाचे चौबळ साहेब प्रश्न विचारत होते. मला त्यांनी एकच विचारला.

"तुम्ही किती वाजता निघालात?"

"बारा वाजता. रिव्ह्यू होता."

"तोवर बोल्ट आवळले होते?"

"मी निघाले तेव्हा नाना बसच्या कामात होते."

दोन्ही वाक्यं खरी होती. चौबळ साहेबांनी लिहून घेतली.

मग त्यांनी नानांसमोर एक नट धरला. नानांनी तो बोटांत घेतला, उजेडाकडे केला, बराच वेळ फिरवून बघितला. ते ओळखणार, असं मला वाटलं. तीस वर्षं स्वतःची रेघ मारणारा माणूस, त्याला दुसऱ्याचा हात कळणारच. आणि मला ते हवं होतं की नको होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"रंग माझा हाय," नाना म्हणाले. "शेपूट माझं हाय."

"म्हणजे न आवळता खूण केलीत?"

"तसं मी कधी करत न्हाई."

"पण केलीत."

नाना नटाकडेच बघत होते. "आवळल्याचं आठवत न्हाई मला," ते हळू म्हणाले. "रेघ मारल्याचं बी आठवत न्हाई. पण रेघ तर हाय. मग मीच आसणार की साहेब. दुसरं कोण?"

त्यांनी नट परत कापडावर ठेवला, होता त्याच जागी.

नानांची नोकरी गेली नाही. तीस वर्षांचं काम बघून त्यांना फक्त बाजूला करणार होते, पण त्याआधी नानांनीच अर्ज दिला की मला पान्याचं काम नको, स्टोअरला टाका. लतीफभाईंच्या घरी ते दर रविवारी जात. मी एकदाच गेले, हॉस्पिटलात. लतीफभाई म्हणाले, "नानांना काही बोलू नका हां मॅडम. माणूस आहे, चुकतो." मी मोसंबी ठेवून परत आले.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. प्रबंधात मी तो फोटो घातला नव्हता. रिसबूड सरांनी पानं चाळली, एका जागी थांबले. "मागच्या वेळी इथे एक फोटो होता."

"धूसर आला होता सर. काढून टाकला."

ते माझ्याकडे बघत राहिले. फोटो धूसर नव्हता, हे त्यांना आठवत असणार. मग त्यांनी पान उलटलं आणि शेवटी सही केली. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

जूनमध्ये कारखान्याचं सामान परत करायला गेले. हेल्मेट, बूट, चष्मा. स्टोअरच्या खिडकीत नाना बसले होते. चार महिन्यांत माणूस दहा वर्षांनी थकला होता. त्यांनी बूट उलटे करून बघितले, वहीत नोंद केली. पुन्हा वही बघितली, नोंद झाली आहे का ते. पुन्हा एकदा बघितली.

"जर्मनीला निघालात म्हणं."

"हो नाना. पंधरा दिवसांनी."

"झाक झालं." मग त्यांनी खिडकीतून जरा बाहेर वाकून आवाज खाली घेतला. "मॅडम, एक इचारू? तुमी त्या दिशी हितं होता. गाडी खाली मी घेतली का ओ? लिफ्टचं बटण दाबल्याचंच आठवत न्हाई मला. लई आठवून बघतो. बसखालनं आलो तवा गाडी खालीच होती, आसं वाटतं. पण आसं कसं हुईल?"

स्टोअरमध्ये दुसरं कुणी नव्हतं. जर्मनीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं, पदवी हातात होती, आता माझं कुणी काहीच बिघडवू शकत नव्हतं.

"मी आधीच निघून गेले होते, नाना," मी म्हणाले.

"व्हय, तुमी बाराला गेला." त्यांनी मान हलवली. "म्हंजे मीच घेतली आसणार. पोरगं डॉक्टरकडं घिऊन गेलं होतं. इसराळूपणाच्या गोळ्या दिल्यात. घरची म्हंती, काय उपेग न्हाई, पैलं बरं हुतं. घिऊ का सोडू, कळंना."

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी शिकलेली होते, म्हणून मला विचारत होते.

"घ्या की," मी म्हणाले. "गोळ्या सोडू नका, नाना. वेळच्या वेळी घेत जा."